खांद्यावरचे तारे

दिवाळी जवळ आली की आमच्या डोंबिवलीत किल्ल्यांना उधाण येते. चाळी गेल्या, अंगणे गेली, त्यांच्या जागी सातमजली इमारती आल्या आणि तुळशीवृंदावनाच्या जागेवर स्कूटरी उभ्या राहू लागल्या. पण त्या स्कूटरींच्या मधल्या बोळकांडीत का होईना, चार पोरे जमतात, दगडमाती गोळा करतात, गोणपाटावर चिखल थापतात, अळीव पेरतात आणि बाजारातून आणलेले मातीचे मावळे जागच्या जागी उभे करतात. ह्या ‘जागच्या जागी’ला फार महत्त्व आहे. महाराज सिंहासनावर, दरवाजाशी तोफ, बुरुजावर भालाईत, पायथ्याला शेतकरी आणि बाजारहाट. एखाद्या धाकट्याने हौसेने भालाईत उचलून सिंहासनाच्या वरच्या पायरीवर नेऊन ठेवला, की बाकीची पोरे एकदम ओरडतात. त्यांना कोणी लष्करी नियमावली शिकवलेली नसते. पण कोण कोठे शोभतो आणि कोठे शोभत नाही, एवढे त्यांना नेमके कळते.

थोरामोठ्यांना मात्र ते कळतेच असे नाही. आमच्या इमारतीच्या फाटकाशी खुर्ची टाकून जे रखवालदार बसतात, ते साताऱ्याकडचे गृहस्थ. वय पंचावन्नच्या पुढे. मराठा पलटणीत चोवीस वर्षे काढून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. रखवालदार पुरविणाऱ्या एका कंपनीने त्यांना आमच्याकडे पाठवले, तेव्हा त्यांच्या अंगावर निळा गणवेष होता, कमरेला पांढरा पट्टा होता, खांद्यावरून छातीवर लोंबणारी लाल दोरी होती आणि दोन्ही खांद्यांवर तीन-तीन चकचकीत तारे होते. आम्हां रहिवाशांना ते पाहून बरे वाटले. दरमहाच्या देखभालीचा आकडा नुकताच वाढला होता. त्याचे काही दृश्य फळ पदरात पडल्यासारखे झाले.

दुसऱ्या दिवशी तारे नाहीसे झाले. चौथ्या दिवशी कंपनीचा माणूस फटफटीवरून आला आणि गणवेष अपुरा असल्याबद्दल पगारातून शंभर रुपये कापण्याची तंबी देऊन गेला. संध्याकाळी कॉलेजातून परतताना मी फाटकाशी थांबलो.

“काका, काय भानगड आहे?”

“भानगड न्हाई, सर. तीन तारं म्हंजे कॅप्टन. आन् मी हवालदार. उद्या खरोखरीचं एखादं कॅप्टनसाहेब ह्या फाटकातनं आत आलं, तर मी काय करायचं? सॅल्यूट मारायचा, का घ्यायचा?”

“अहो, पण हे काही लष्कर नव्हे. नुसते शोभेचे आहे ते.”

“तेच म्हंतो ना, सर. मी चोवीस वर्षांत तीन फीती मिळवल्या. पेन्शनीत आलो तवा त्या उतरवून ट्रंकेत ठिवल्या. जे मिळवलं ते उतरवलं, मग जे मिळवलंच न्हाई ते चढवू कसं?”

मी भाषेचा मास्तर. वर्गात वीस वर्षे ऱ्हस्व-दीर्घाच्या नावाने कंठशोष करीत आलो आहे. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत फरक तो केवढा? एका वेलांटीच्या दिशेचा. पण एक म्हणजे दिवस आणि दुसरा म्हणजे गरीब. हवालदारकाकांचे बोलणे ऐकले आणि वाटले, की हा मनुष्य माझ्याच विषयातले बोलतो आहे. गणवेषावरचे प्रत्येक चिन्ह हे एक विधान असते. ते लावणारा तोंडाने काही बोलत नाही. पण समोरून येणाऱ्याला त्याचे खांदे, दंड, टोपी आणि छाती हे सारे वाचता येते. जे वाचता येते ते खरे असले पाहिजे, एवढीच काकांची मागणी होती.

ह्या लिपीतल्या वेलांट्याही तितक्याच बारीक आहेत. आपल्या भूसेनेत शिपायाचा दंड कोरा. लान्स नाईकाला एक फीत, नाईकाला दोन, हवालदाराला तीन. तेथून पुढे मजकूर दंडावरून खांद्यावर चढतो. नायब सुभेदाराला एक तारा, सुभेदाराला दोन. पण त्या ताऱ्यांच्या बुडाशी लाल-पिवळ्या रंगाची एक चिंचोळी पट्टी असते. ती पट्टी काढून टाका, की तेच दोन तारे लेफ्टनंटाचे होतात. म्हणजे वीस-बावीस वर्षे पलटणीत मुरून केस पिकवलेला सुभेदार आणि अकादमीतून कालपरवा बाहेर पडलेला मिसरूड फुटता लेफ्टनंट यांच्यामध्ये बोटभर रुंदीची चिंधी काय ती उभी! तीन तारे कॅप्टनचे, चार मुखांचा अशोकस्तंभ मेजरचा. तारा आणि स्तंभ यांच्या जोडणीने कर्नल आणि ब्रिगेडियर सिद्ध होतात, आणि त्यांच्याही वर गेले की तलवार व दंड यांची फुली येते. ह्या स्तंभाच्या जागी पूर्वी इंग्रजांचा मुकुट असे. २६ जानेवारी १९५० रोजी देश प्रजासत्ताक झाला, तेव्हा खांद्यावरून मुकुट उतरला आणि सारनाथचे सिंह चढले. खांदे तेच राहिले, पलटणी त्याच राहिल्या. निष्ठा कोणाशी, एवढे विधान तेवढे बदलले.

केवळ काय लावले एवढ्याने भागत नाही. कोठे लावले, हेही पाहावे लागते. बेरे टोपी डोक्याच्या उजव्या अंगाला झुकते आणि बिल्ला डाव्या डोळ्याच्या बरोबर वर येतो. आमच्या कॉलेजातली एन.सी.सी.ची पोरे पहिल्या आठवड्यात ती टोपी अशी काही घालतात, की डोक्यावर आंबोळी पडल्यासारखी दिसते. मग कोणी जुना कॅडेट त्यांना ती ओली करून, हाताने चापून, डोक्यावरच वाळवायला शिकवतो. बिल्ला ब्रासोने घासणे, तुरा ताठ बसवणे, पट्ट्याचे पितळ वितळ्या सोन्यासारखे दिसेपर्यंत चोळणे, हा सगळा उद्योग पाहून एकदा मला वाटले होते, की एवढा वेळ ही मुले केशवसुतांना देतील तर किती बरे होईल. पुढे लक्षात आले, की जो विद्यार्थी बिल्ला बोटभर सरकला तर अस्वस्थ होतो, तो निबंधातल्या अनुस्वारालाही जपतो. एन.सी.सी. १९४८ साली सुरू झाली. तिचा लाल, गडद निळा आणि फिका निळा असा तिरंगी ध्वज १९५४ चा; लाल भूसेनेचा, गडद निळा नौसेनेचा, फिका निळा वायुसेनेचा. हे रंग आमच्या पोरांना व्याकरणाच्या लिंगवचनांपेक्षा अधिक पाठ असतात, ही गोष्ट निराळी.

हे सगळे शोभेचे नाही, असे कायद्याचेही म्हणणे आहे. आपण सैनिक आहोत असा लोकांचा समज व्हावा या हेतूने सैनिकाचा पोशाख किंवा चिन्ह वापरणे हा गुन्हा आहे. पूर्वीच्या दंडविधानात त्यासाठी १४० वे कलम होते आणि दंड पाचशे रुपये. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ते १६८ वे कलम आहे आणि दंड दोन हजारांपर्यंत. कैद पूर्वीही तीन महिन्यांपर्यंत होती, आताही तेवढीच. हेतू महत्त्वाचा असल्यामुळे नाटकातला सुभेदार सुटतो. बाजारातल्या हौशी विजारवाल्यालाही सहसा कोणी धरीत नाही. आमच्या शेजारच्या उल्हासनगरात ह्या ‘मिलिटरी’ छापाच्या विजारी ढिगांनी मिळतात. गंमत अशी, की ज्या जागेवर हे नगर वसले, तेथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खरीखुरी लष्करी छावणी होती. ती ओस पडल्यावर तिच्या बराकींत सिंधी निर्वासितांचे संसार उभे राहिले आणि १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले. छावणी गेली, छाप राहिला! १९१६ साली कोणाला त्याचे काही वाटले नसते. पण जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला करणारे लष्करी पोशाखात आले होते, आणि त्यानंतर सैन्याला लोकांना विनंती करावी लागली, की बाबांनो, आमच्यासारखे कपडे घालू नका आणि विकू नका. २०२२ साली सैन्याने नवा लढाऊ गणवेष काढला, तेव्हा त्याच्या नक्षीची रीतसर नोंदणीच करून टाकली.

रखवालदारांपुरता तर निराळा कायदा आहे. खासगी सुरक्षा संस्थांचे नियमन करणारा २००५ चा अधिनियम सांगतो, की रखवालदाराने सेनेचा वा पोलिसांचा गणवेष किंवा त्याची ओळख सांगणारी चिन्हे धारण केली, तर तो स्वतः आणि त्याच्या संस्थेचा मालक, दोघेही शिक्षेस पात्र ठरतात. एक वर्षापर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आमच्या सोसायटीच्या सभेत मी हे कलम वाचून दाखवले. पाण्याच्या टाकीचा विषय खोळंबल्यामुळे काही सभासद नाराज झाले, पण ठराव झाला आणि पत्र गेले. कंपनीने कापलेले शंभर रुपये परत केले नाहीत; तारे मात्र पुन्हा पाठवले नाहीत. काकांनी ते जुने सहा तारे एका पुडीत बांधून कंपनीच्या माणसाच्या हाती दिले आणि त्याची सही घेतली. सरकारी सामानाची पोच घेण्याची सवय!

त्यांच्या ट्रंकेतला खरा बिल्ला मी त्यानंतर पाहिला. मराठा लाइट इन्फन्ट्रीचा: एकमेकींना छेदणाऱ्या दोन तलवारी, ढाल आणि बिगूल. तलवारी आणि ढाल समजण्यासारख्या आहेत. मराठ्यांच्या पलटणीला दुसरे काय द्यायचे? पण बिगूल कशाला? घोषाला कर्णा, तुतारी, नौबत हे सगळे आपल्याकडे असताना साहेबाचा बिगूलच का?

त्याला इतिहास आहे. युरोपातल्या फौजांत भरघोस रांगांनी चालणारे पायदळ नगाऱ्याच्या ठोक्यावर हाले. पण मुख्य फौजेच्या पुढे विखरून, झाडाझुडपांच्या आडोशाने, चपळाईने लढणारे हलके पायदळ असे. त्याला नगारा कोठून ऐकू येणार आणि तो उचलून पळायचे तरी कोणी? म्हणून शिकाऱ्यांचे शिंग त्यांच्या हाती आले आणि तेच त्यांचे चिन्ह झाले. ‘लाइट’ म्हणजे येथे वजनाने हलके, मानाने नव्हे. ही पदवी मिळवावी लागे. आपल्या पलटणींपैकी एकीने ती मिळवली बलुचिस्तानात. १८४० साली काहून नावाच्या एका आडगावातल्या किल्ल्यात मुंबई इलाख्याच्या पाचव्या पलटणीची तुकडी अडकली. उन्हाळ्यापासून पावसाळा उलटेपर्यंत वेढा पडला होता. बाहेरून येणारी मदत वाटेतच मार खाऊन परतली. पण आतल्यांनी किल्ला सोडला नाही. अखेर सन्मानाने बाहेर पडण्याच्या अटी त्यांनी मिळवल्या. १८४१ साली त्या पलटणीला ‘लाइट इन्फन्ट्री’ हा किताब मिळाला. हीच पुढे ‘काळी पाचवी’ म्हणून गाजली. तिची थोरली बहीण ‘जंगी पलटण’ १७६८ सालची. १९२२ साली अशा निरनिराळ्या पलटणी एकत्र करून एकच मराठा रेजिमेंट बनवली, बेळगावला तिचे केंद्र झाले, आणि एका पलटणीचा बिगूल सगळ्यांच्या टोपीवर आला.

काहून! वऱ्हाडातल्या माणसाला हे गावाचे नाव न वाटता प्रश्नच वाटेल. त्यांच्या बोलीत ‘काहून’ म्हणजे ‘कशासाठी’. आणि प्रश्न खराच आहे. कोकणातल्या आणि घाटावरच्या त्या शिपायांनी कंपनी सरकारासाठी बलुच टोळ्यांशी तेथे कशासाठी झुंजावे? त्यांच्या आजोबांचे राज्य बुडून पुरती पंचवीस वर्षेही झाली नव्हती. हा प्रश्न मी काकांना विचारला नाही. तो त्यांना विचारण्याचा मला अधिकार नाही. पण ते मला आपण होऊन म्हणाले, “सर, त्ये कुणासाठी लडले त्ये साहेबाला ठाऊक. पर हाटले न्हाईत, ह्ये आमचं.” बिगूल का ठेवला, याचे याहून समर्पक उत्तर मला एखाद्या प्रबंधातही मिळाले नसते. स्वतंत्र भारताने मुकुट उतरवला आणि बिगूल ठेवला, यात मला तरी विसंगती दिसत नाही. मुकुट ही मालकाची खूण होती; बिगूल शिपायांनी कमावलेला होता.

पण कमावलेली प्रत्येक खूण टिकतेच असे नाही. महार रेजिमेंटच्या बिल्ल्याची कथा मला ह्या सगळ्यात अधिक बोचते. १ ऑक्टोबर १९४१ रोजी ह्या रेजिमेंटची पहिली पलटण बेळगावला उभी राहिली. तिच्या आरंभीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा जयस्तंभ होता. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पेशव्यांच्या फौजेशी लढताना कंपनीच्या बाजूने जे पडले, त्यांची नावे त्या भीमाकाठच्या दगडावर कोरलेली आहेत आणि त्यांत महार शिपायांची नावे आहेत. ज्या समाजाचे नाव गावाच्या दप्तरात वेशीबाहेर लिहिले जाई, त्याची नावे सरकारी दगडावर, इतरांच्या रांगेत! पुढे त्याच सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती बंद केली. लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती असे एक शास्त्र तेव्हा निघाले होते. दापोलीचे गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः निवृत्त सैनिक. त्यांनी ह्या बंदीविरुद्ध अर्ज केला. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० साली थेट विलायतेला अर्ज धाडला. अशा अर्जांना पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे तो दगड. पहिल्या महायुद्धात माणसांची निकड पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभारली, आणि निकड संपल्यावर १९२१ साली मोडली. डॉ. आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी त्या स्तंभापाशी गेले ते ह्या पार्श्वभूमीवर. ते सुभेदाराचे चिरंजीव होते. खांद्यावरची खूण म्हणजे काय, हे त्यांना घरातच कळले होते. १९४१ च्या जुलैत व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर त्यांची नेमणूक झाली आणि त्याच वर्षी रेजिमेंट निघाली.

टोपीवरचा तो स्तंभ म्हणजे दुसरे काही नसून एका लांबलेल्या अर्जाला मिळालेला मंजुरीचा शिक्का होता. १९४६ साली रेजिमेंट मशीनगनवाली झाली आणि स्तंभावर दोन व्हिकर्स मशीनगनांची फुली आली. पुढे केव्हातरी स्तंभ काढला आणि त्याच्या जागी कट्यार ठेवली. मशीनगना राहिल्या. व्हिकर्स तोफखान्यातून कधीच निवृत्त झाली असे कोणी म्हणेल, तर मी म्हणेन की ती पायदळातूनही गेली. आज तिच्यातून कोणी गोळी झाडीत नाही. पण बिल्ल्यावर ती आहे. आणि ज्या स्तंभाला दर वर्षी १ जानेवारीला लाखो माणसे हात जोडतात, तो मात्र तेथे नाही.

काढण्यामागचा विचार मला समजतो. आज त्या रेजिमेंटमध्ये सर्व जातींचे, सर्व प्रांतांचे जवान आहेत. ‘यश सिद्धि’ हे तिचे ब्रीद आहे, ‘बोलो हिंदुस्तान की जय’ ही तिची गर्जना आहे. कृष्णराव आणि सुंदरजी हे दोन सेनाप्रमुख तिने दिले. श्रीलंकेत १९८७ साली धारातीर्थी पडलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन हे तिचे परमवीर. कंपनीच्या विजयाचा दगड स्वतंत्र देशाच्या टोपीवर का, असा प्रश्न कोणी केला तर तो गैर नाही. पण मग काहूनचा बिगूल कोणाच्या विजयाचा? कट्यार कोणाच्याही बिल्ल्यावर शोभेल. तो दगड एकाच बिल्ल्यावर अर्थपूर्ण होता. मला विचाराल तर मी तो राहू दिला असता.

चिन्ह बदलणे सोपे नसते, हे नौसेनेने चांगले अनुभवले आहे. ह्या बाबतीत आम्हां कल्याण-डोंबिवलीकरांना थोडी आढ्यता आहे. १६५७ च्या ऑक्टोबरात महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि ह्याच खाडीत मराठी आरमाराची पहिली जहाजे आकाराला येऊ लागली. दुर्गाडीच्या टेकाडावरून ती खाडी आजही दिसते. तिच्यात जे वाहते त्याविषयी दिवाळी अंकात न लिहिलेले बरे. तर नौसेनेच्या निशाणावर स्वातंत्र्यानंतरही इंग्रजांचा सेंट जॉर्जचा तांबडा क्रूस होता. कोपऱ्यात तिरंगा आला, एवढेच. १५ ऑगस्ट २००१ रोजी क्रूस काढला आणि पांढऱ्यावर निळे नौचिन्ह ठेवले. अडचण अशी झाली, की समुद्रात ते निळे चिन्ह आभाळात आणि पाण्यात मिसळून जाई. निशाण ओळखूच येईना! २००४ साली क्रूस परत आला. म्हणजे मनाला पटलेली खूण डोळ्यांना दिसत नव्हती आणि डोळ्यांना दिसणारी मनाला पटत नव्हती. हा तिढा २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला ‘विक्रांत’ नौसेनेत दाखल झाली त्या दिवशी सुटला. क्रूस गेला आणि दुहेरी सोनेरी काठांचा निळा अष्टकोन आला; त्याची प्रेरणा महाराजांच्या अष्टकोनी राजमुद्रेची. आत नांगर, वर राष्ट्रचिन्ह आणि खाली ‘शं नो वरुणः’ हे ब्रीद. पुढच्या वर्षी सिंधुदुर्गावर नौसेना दिन झाला, आणि डिसेंबर संपायच्या आत अॅडमिरलांच्या खांद्यावरही अष्टकोन आला. आठ कोन म्हणजे आठ दिशा. मला त्यात आणखी एक गोष्ट आवडते: राजमुद्रा ही कागदावर उठवायची वस्तू. ‘हे माझे वचन आहे’ असे तिने सांगायचे. खांद्यावर तिचीच आठवण असावी, हे फार नेमके झाले.

लावण्याइतकेच उतरवण्यालाही नियम आहेत, आणि तेथे तर हे शास्त्र थेट आपल्या घरचे वाटू लागते. भूसेनेत अधिकारी जन्मभर आपल्या रेजिमेंटचा असतो. तिचा बिल्ला, तिची दोरी, तिच्या टोपीचा रंग हे त्याचे गोत्र. पण १ ऑगस्ट २०२३ पासून ब्रिगेडियर आणि त्याहून वरच्या सगळ्या अधिकाऱ्यांना टोपी, खांद्यावरची पदचिन्हे, गळपट्ट्या, पट्टा, बूट सारे एकसारखे. खांद्यावरची रेजिमेंटची दोरी अजिबात नाही. ज्याच्या हुकमतीखाली अनेक पलटणी येणार, त्याने आपली एक पलटण अंगावर मिरवू नये, असा त्यातला अर्थ. आपल्याकडे संन्यास घेताना शिखासूत्र उतरवतात. संन्याशाला गोत्र नसते. काकांना मी हे सांगितले तेव्हा त्यांना ते फारसे रुचले नाही. “आमच्या साहेबांच्या टोपीवर बिगूल न्हाई म्हंजे काय, सर?” असे म्हणून ते बराच वेळ गप्प बसले.

आणि एक नियम आहे तो पदकांचा. छातीवरची पदके डावीकडे, हृदयाच्या बाजूला. ज्याने मिळवली त्यानेच ती तेथे लावायची. मुलाने बापाची लावायची नाहीत, भावाने भावाची नाहीत. पण काही वर्षांपूर्वी सैन्याने एक मुभा दिली: वीरगती मिळालेल्या जवानाच्या जवळच्या नातलगांनी आदरांजलीच्या प्रसंगी त्याची पदके लावावीत, मात्र उजवीकडे. डावी बाजू ज्याची त्याचीच राहते. तो नसला, तरी ती जागा दुसऱ्या कोणाला मिळत नाही.

माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबरच्या खोऱ्यात पडले. सगळे साथीदार जायबंदी झाल्यावर त्यांनी एकट्याने शत्रूच्या मशीनगनच्या मोर्च्यावर धाव घेतली. दंडावर दोन फीती असलेल्या ह्या तरुणाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचा देह सापडला नाही. नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. माणगावला त्यांचा पुतळा आहे, आणि २०२३ साली इटलीतल्या मोंतोने गावाने त्यांच्या स्मरणार्थ एक छायाघड्याळ उभारले. ते पदक त्यांच्या डाव्या छातीवर एक दिवसही लागले नाही.

गेल्या २६ जानेवारीला आमच्या कॉलेजात झेंडावंदनासाठी एका जवानाच्या आईला बोलावले होते. नऊवारी लुगडे, डोक्यावर पदर, आणि पदराच्या उजव्या अंगाला मुलाची तीन पदके. पहिल्या वर्षाचा एक कॅडेट माझ्या शेजारी उभा होता. टोपीचा बिल्ला डाव्या डोळ्याच्या वर, तुरा ताठ, सगळे चोख. तो हळूच माझ्याकडे झुकून म्हणाला, “सर, आजींनी पदके चुकीच्या बाजूला लावली आहेत. जाऊन सांगू का?”

“नको,” मी म्हटले. “ती बरोबर बाजूला आहेत.”

तो काही वेळ तिकडे पाहत राहिला. मग त्याचे त्यालाच उमगले असावे. कारण आजी पुढे येताच, अजून हुकूम सुटायचा असताना, त्याने सॅल्यूट केला.